डॉकर कंटेनर पाहिजेतच, पण सहा जणांच्या कंपनीला कुबरनेटीस कशाला?

सातपूरकर (धागाकर्ता)
आम्ही सहा जण, सातपूर एमआयडीसीजवळ ऑफिस. ग्राहक बारा-तेरा: अंबडचे सुटे भाग बनवणारे कारखाने, पिंपळगावकडचे द्राक्ष निर्यातदार, एक शीतगृह. त्यांचं स्टॉक, बिलिंग, हजेरी आम्ही सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी सगळं डॉकरमध्ये घातलं (प्रत्येक अॅप लागणाऱ्या सामानासकट आपल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) आणि एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. आधी एकाला जुनं पीएचपी लागायचं, दुसऱ्याला नवं, आणि एका सर्व्हरवर दोघं सुखानं नांदायचे नाहीत. आता प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. अपडेट बिघडलं तर मागची इमेज (अॅपची तयार प्रत) चढवायची, की काम परत सुरू.

आता एका ग्राहकाच्या सल्लागारानं अट घातलीय की सगळं कुबरनेटीसवर (अनेक मशिनवरचे कंटेनर आपोआप सांभाळणाऱ्या प्रणालीवर) न्या. माझं मत: नेऊ नये. गूगलनं बोर्ग या स्वतःच्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावरून ते 2014 मध्ये खुलं केलं. बोर्ग हजारो मशिन सांभाळायचं, आमच्याकडे तीन आहेत. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीचा सांभाळ जेमतेम 14 महिने होतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी क्लस्टर (एकत्र जोडलेल्या मशिनचा गट) अपग्रेड करणं आलंच. ते कोण करणार? जो आज ग्राहकाच्या जीएसटी रिपोर्टमधली चूक शोधत बसलाय, तोच.

ओझरचा अॅडमिन
साफ असहमत. मी पण तुमच्यासारखाच बोलायचो. मग फेब्रुवारीत, ऐन हंगामात, पॅकहाउसचं सर्व्हर मशिन रात्री दीड वाजता मेलं. डॉकरमध्ये रीस्टार्ट ऑलवेज (बंद पडलं की परत सुरू कर) लिहिलेलं होतं, पण ते कंटेनर त्याच मशिनवर परत उठवतं. मशिनच गेलं तर काय उठवणार? बाहेर न्हावाशेवा बंदराला निघायचा रीफर (थंड ठेवायचा माल नेणारी गाडी) उभा, पॅकिंग लिस्ट निघेना, माल भरलेला. मी नाशिकरोडहून गाडी काढली. पहाटे पाचला रीफर हलला. त्या निर्यातदाराच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर तीन छोट्या मशिनवर केथ्रीएस बसवलं. तेही कुबरनेटीसच, पण हलकं, एकाच फाइलीत येतं, बसवायला अर्धा दिवस पुरला. तीनपैकी एक मशिन गेलं तरी उरलेली दोन बहुमतात राहतात आणि तिथली कामं स्वतःकडे घेतात. गेल्या हंगामात एकाचा पॉवर सप्लाय जळाला, मला सकाळी कळलं.

सातपूरकर
दादा, तुमची रात्र कळली, तसल्या दोन मी पण काढल्यात. पण एक विचारतो: डेटाबेस कुठे होता? अॅप दुसऱ्या मशिनवर उठेल हो, पण पॅकिंग लिस्टचा डेटा मेलेल्या डिस्कवरच राहिला तर रीफर उभाच राहणार.

ओझरचा अॅडमिन
खरंय. पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, मी क्लस्टरबाहेर ठेवलाय, वेगळ्या मशिनवर, आणि त्याची रेप्लिका (सतत ताजी राहणारी नक्कल) आणखी एकावर.

डेटाबेसवाली
म्हणजे आता रीफर अडणार नाही, त्यात निम्मा वाटा रेप्लिकेचा. तीच रेप्लिका साध्या डॉकरबरोबरही उभी राहते. मी जिथे जिथे गेले तिथे लोक कुबरनेटीस की डॉकर यावर तासभर बोलतात आणि शेवटचा बॅकअप कधी परत चढवून बघितला, हे विचारलं की गप्प. हे फार त्रासदायक आहे.

सातपूरकर, तुम्हालाही सांगते. कंटेनरना मेमरीची मर्यादा घातलीय का? नसेल तर एका ग्राहकाचा वर्षअखेरचा रिपोर्ट बाकी सगळ्यांना खाली ओढेल. आणि डॉकरच्या लॉग (नोंदींच्या) फाइलवर मुळात मर्यादा नसते. डिस्क भरते आणि सगळेच एकदम बंद पडतात. या दोन्ही सेटिंग आजच बघा.

कारखान्यातला आयटी
मी ग्राहकाच्या बाजूनं बोलतो. मला प्लॅटफॉर्मचं कौतुक नाही, भीती वेगळीच आहे. आमच्या आधीच्या पुरवठादाराचा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि सगळी मांडणी त्याच्या डोक्यात. कोणती स्क्रिप्ट आधी चालवायची, कोणालाच ठाऊक नाही. आम्ही तीन आठवडे हातानं चलनं लिहिली. कुबरनेटीसच्या फायली ठरलेल्या साच्यात असतात, कोणीही जाणकार वाचू शकतो. म्हणून सल्लागाराची अट मला वाजवी वाटते.

सातपूरकर
हा मुद्दा मला लागला. पण डॉकर कंपोजची फाइलही (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली) वाचता येते, आणि ती वाचणारी माणसं नाशिकमध्ये सहज मिळतात. क्लस्टर रात्री अडलं तर सोडवणारा इथे शोधून दाखवा. आमची सगळी मांडणी गिटमध्ये (फायलींचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत) आहे. ग्राहकाला त्याची प्रत देणं करारातच टाकतो.

पंचवटीकर
सगळ्यांना एकच माप लावू नका. आम्ही 2027 च्या सिंहस्थासाठी निवास बुकिंगचं काम करतोय. पर्वणीच्या आधी किती लोक एकदम येतील याचा अंदाज कोण देणार? तिथे मशिन आपोआप वाढायलाच हव्यात.

सातपूरकर
तिथे मी वाद घालणार नाही. क्लाउडवरचं तयार क्लस्टर घ्या. फक्त हिशोब मांडा: एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) नुसत्या कंट्रोल प्लेनचं, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या भागाचं, भाडं तासाला 10 सेंट, महिन्याला 70 डॉलरच्या वर, मशिनचे पैसे वेगळे. आणि आवृत्ती जुनी होऊ दिली तर तेच तासाला 60 सेंट. द्राक्षांची गर्दी मात्र जानेवारी ते एप्रिल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिसेंबरातच मोठं मशिन लावता येतं. आणि आपल्या तीन मशिनवर चौथं आपोआप उगवत नाही.

ओझरचा अॅडमिन
मान्य. पण मग रात्री मशिन गेल्यावर तुमच्याकडे काय होतं? एकदा सुट्टीच्या दिवशी ग्राहकासमोर वायर काढून बघा. अर्ध्या तासात सुरू झालं तर मी माझा हट्ट सोडतो.

सातपूरकर
येत्या रविवारी शीतगृहाच्या सर्व्हरवर करतो, त्यांची परवानगी आजच मागितली. डेटाबेसवाली ताई, लॉगची मर्यादा खरंच नव्हती. एका मशिनवर 40 जीबी निघाले.