शब्दचर्चा : ‘सामायिक कारभार’ की ‘संयुक्त कारभार’?

विचारणा

इंग्लंडमधील एका चर्च ऑफ इंग्लंड प्राथमिक शाळेचे पालकांसाठीचे पत्रक मी मराठीत आणत आहे. ही शाळा शेजारच्या दुसऱ्या एका शाळेबरोबर आपला कारभार एकत्र चालवणार आहे. दुसरी शाळा कोणत्याही धर्मसंस्थेची नाही. मूळ मजकुरात या व्यवस्थेला ‘फेडरेशन’ म्हटले आहे. कोशात त्यासाठी ‘महासंघ’ मिळतो, पण ‘दोन शाळांचा महासंघ’ कानाला खटकतो. ‘विलीनीकरण’ म्हणावे तर पालक धास्तावतील आणि ते खरेही नाही. सध्या मी ‘संयुक्त शासन’ असे लिहून ठेवले आहे. ‘फाउंडेशन गव्हर्नर’ या शाळेच्या नियामक मंडळावरील एका प्रकारच्या सदस्यासाठी ‘संस्थापक सदस्य’ आणि ‘पार्टनरशिप’साठी सर्वत्र ‘भागीदारी’ योजली आहे. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

‘महासंघ’ खटकतो तो त्याच्या भारदस्तपणामुळे, असे आपल्याला वाटत असेल, पण खरी अडचण अर्थाची आहे. महासंघ म्हणजे संघांचा संघ. त्यातील प्रत्येक संघाची कार्यकारिणी कायम असते आणि महासंघाची कार्यकारिणी त्यांच्या वर वेगळी असते. ‘संघराज्य’ या शब्दातही घटक राज्यांची स्वतंत्र सरकारे गृहीतच आहेत. इंग्लंडमधील शालेय फेडरेशनची रचना याच्या उलट आहे. २००२च्या शिक्षण कायद्याने दिलेल्या मुभेनुसार दोन किंवा अधिक शाळांची वेगवेगळी नियामक मंडळे विसर्जित होतात आणि त्यांच्या जागी सर्व शाळांसाठी मिळून एकच मंडळ येते. शाळा मात्र वेगळ्याच राहतात. प्रत्येकीचे नाव, अंदाजपत्रक आणि तपासणी अहवाल स्वतंत्र असतो. चर्चच्या शाळेचे धार्मिक स्वरूप कायम राहते आणि जोडीच्या शाळेला ते चिकटत नाही. पालकांना सर्वांत आधी हेच जाणून घ्यायचे असणार, आणि नेमके हेच ‘महासंघ’ झाकून टाकतो.

म्हणून मला ‘सामायिक’ हा शब्द योग्य वाटतो. दोन शेतकऱ्यांची विहीर सामायिक असते तेव्हा विहीर एक आणि शेते दोन असतात, आणि विहीर सामायिक झाल्याने शेतांची सरमिसळ होत नाही. इथेही सामायिक आहे ते मंडळ. याउलट, शाळा आपापली मंडळे राखून काही मोजक्या विषयांपुरती एकत्र समिती नेमू शकतात. त्यासाठी २००३मध्ये वेगळे नियम झाले. त्या समितीला ‘संयुक्त समिती’ म्हणावे. अशा रीतीने इंग्रजीत ज्यांना दोन वेगळी नावे आहेत त्या दोन व्यवस्था मराठीतही दोन विशेषणांनी वेगळ्या ठेवता येतील.

‘शासन’ मात्र काढून टाकावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आजच्या मराठीत शासन म्हणजे सरकार, आणि जुन्या अर्थाने शिक्षा. ‘शाळांचे संयुक्त शासन’ वाचून सरकारने शाळा ताब्यात घेतल्याचा समज होऊ शकतो. ‘प्रशासन’ म्हणावे तर ते कार्यालयीन कामापुरते उरते, आणि ते मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतले आहे. मंडळाचे काम दिशा ठरवणे, पैशावर लक्ष ठेवणे आणि मुख्याध्यापकांना जाब विचारणे हे आहे. ‘कारभार’ या साध्या शब्दात हे सारे मावते. त्यावर ‘बारभाई’ची सावली आहे, हे मी मान्य करतो: नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राज्य सावरण्यासाठी एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचे ते नाव आज गोंधळाच्या कारभाराला चिकटले आहे, आणि त्या मंडळींच्या कर्तृत्वाकडे पाहता हा भाषेने केलेला अन्याय आहे. तरीही एका विशेषणाच्या दोषापायी चांगले नाम टाकून देऊ नये.

‘गव्हर्नर’ तसाच ठेवल्यास वाचकाला राज्यपाल आठवतील. ‘नियामक मंडळाचे सदस्य’ पुरे.

‘संस्थापक सदस्य’ ही मात्र उघड चूक आहे. फाउंडेशन गव्हर्नरने शाळा स्थापन केलेली नसते. ज्या अधिष्ठानावर शाळा उभी आहे, म्हणजे तिचा न्यासलेख (ट्रस्ट डीड) आणि तिचे धार्मिक स्वरूप, त्याचे जतन व्हावे म्हणून त्याची नेमणूक असते. यांतील पुष्कळ शाळा एकोणिसाव्या शतकात पॅरिशमधील, म्हणजे त्या त्या चर्चच्या परिसरातील, गरीब मुलांसाठी निघाल्या. त्या काढणारी चर्च ऑफ इंग्लंडची शिक्षणविषयक संस्था, नॅशनल सोसायटी, १८११ची. त्यामुळे त्यांना ‘मिशन शाळा’ म्हणणेही चूक ठरेल, कारण मराठीत त्या शब्दामागे परदेशातून आलेल्या धर्मप्रसारकांचा इतिहास आहे आणि या शाळा तर आपल्याच पॅरिशच्या मुलांसाठी होत्या. सदस्यांसाठी मी ‘चर्चच्या वतीने नेमलेले सदस्य’ असे सुचवतो. ही संज्ञा लांब आहे, पण त्यांची संख्याच पुढे कळीची ठरते. १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळांची जी वर्गवारी केली तिच्यातील ‘एडेड’ (चर्चकडे अधिक अधिकार असलेल्या) शाळेच्या मंडळात हे सदस्य इतर सर्वांच्या बेरजेपेक्षा दोनने अधिक असतात, तर ‘कंट्रोल्ड’ (स्थानिक प्रशासनाकडे अधिक अधिकार असलेल्या) शाळेत ते अल्पसंख्य असतात, एकूण सदस्यांच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाहीत. हा फरक आपल्या अनुवादात दिसला नाही, तर ‘सामायिक मंडळात चर्चचा शब्द किती चालणार’ या पालकांच्या प्रश्नाला उत्तरच मिळणार नाही.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटले, पण ‘संयुक्त’विषयी एक हरकत आहे. हा शब्द घटकांना नेहमीच वेगळे ठेवतो असे नाही. संयुक्त कुटुंबाची चूल एक असते, आणि ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणणाऱ्यांना एकच राज्य हवे होते. उलट संयुक्त निवेदनावर सह्या करणारे पक्ष दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या विरोधातही उभे राहू शकतात. मला दिसते ते असे की कृतीचे किंवा तात्पुरत्या कामाचे नाम पुढे आले, म्हणजे निवेदन, मोहीम, समिती, तर ‘संयुक्त’ घटकांना वेगळे राखतो. वास्तव्याचे किंवा सत्तेचे नाम आले की तो त्यांना एकजीव करतो. म्हणून ‘संयुक्त समिती’ निर्धोक आहे, पण ‘संयुक्त शाळा’ हा शब्द पत्रकात कोठेही येऊ देऊ नये.

‘भागीदारी’बद्दलही थोडे लिहितो. व्यवहारात भागीदार म्हटला की नफ्यातोट्याचा वाटा आला, दायित्व आले. वृत्तपत्रांनी हा अर्थ बराच सैल केला असला, तरी पत्रकात चार वेगळ्या नात्यांना हा एकच शब्द लावणे बरोबर नाही. जोडीच्या शाळेशी कायद्याने बांधलेली जबाबदारी आहे, तिथे ‘भागीदारी’ शोभते. पॅरिशमधील चर्चशी जुना संबंध आहे, त्याला ‘साहचर्य’ किंवा नुसते ‘नाते’ म्हणावे. स्थानिक प्रशासनाशी ‘सहकार्य’ असते. पालकांचा ‘सहभाग’ असतो, आणि पालकांनी निवडलेले सदस्य मंडळात बसतात तेव्हा तो सहभाग निर्णयापर्यंत पोहोचतो, हे अनुवादात स्पष्ट यायला हवे.

मूळ विचारणा करणाऱ्याचे उत्तर

दोघांचे मनापासून आभार. ‘संस्थापक सदस्य’ ही चूक छापून गेली असती तर मला फार लागले असते. मुख्य वाक्य आता असे केले आहे: “दोन्ही शाळा आपापल्या नावाने आणि स्वरूपाने स्वतंत्र राहतील; त्यांचा कारभार मात्र एकच सामायिक नियामक मंडळ पाहील, आणि त्यात चर्चच्या वतीने नेमलेले तसेच पालकांनी निवडून दिलेले सदस्य असतील.” ‘फेडरेशन’ हा शब्द पहिल्या उल्लेखात देवनागरीत एकदाच ठेवला आहे, कारण शाळेच्या फाटकावरील पाटीवर पालकांना तोच दिसणार आहे.