बर्लिनच्या भिंतीचा पॅनोरमा पाहून तेथील जगणे कळते का?

निवृत्त शिक्षक, समुद्रपूर तालुका: सर्वांना नमस्कार. माझी लेक बर्लिनला नोकरीस आहे आणि कापसाची पहिली वेचणी आटोपली की आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. पूर्व व पश्चिम बर्लिनमधील जुना तपासणी नाका असलेल्या चेकपॉइंट चार्लीजवळ चित्रकार यादेगार असीसी यांनी दुभंगलेल्या बर्लिनचे जे भव्य चित्र (पॅनोरमा) उभारले, ते पाहावे असे फार मनात आहे. मी सव्वीस वर्षे इतिहास शिकवला, परंतु ‘भिंत’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यापलीकडे मुलांना काही दाखवता आले नाही. ते चित्र पाहून तिथले जगणे खरोखर कळते का?

आर्वीकर: गुरुजी, अवश्य पाहा. चित्र सुमारे १५ मीटर उंच आणि ६० मीटर लांब असून, आपण चार मीटर उंचीच्या मचाणावरून पश्चिमेकडील क्रॉइझबर्ग वस्तीतून भिंतीपलीकडे पाहतो. काळ १९८० च्या दशकातला, नोव्हेंबरमधला एक कल्पित दिवस. उजेड हळूहळू मावळतो, आवाज कानावर येत राहतात. माझी नजर आधी पलीकडच्या टेहळणी मनोऱ्याकडे गेली. पण नंतर ती बराच वेळ अलीकडेच अडकली, कारण भिंतीच्या अगदी लगत लोकांचा नित्याचा व्यवहार चालू होता. असीसी स्वतः त्या काळी तिथे राहत होते, त्यामुळे सवयीने अंगवळणी पडलेली ती भिंत त्यांनी तिथल्या रहिवाशाच्या नजरेने रंगवली आहे. मला तेच सर्वांत अस्वस्थ करून गेले.

वणीची वाचक: माझे मत थोडे वेगळे आहे. काका, आधी बेर्नाउअर रस्त्यावरील स्मारक पाहा. तेथे घरे पूर्व बर्लिनमध्ये आणि दारापुढचा पदपथ पश्चिमेत होता. १३ ऑगस्ट १९६१ ला पूर्वेकडून सीमा बंद करून भिंत उभारायला सुरुवात झाल्यानंतर लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि पुढे त्या खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या. ते पाहून मग चित्रासमोर उभे राहा.

निवृत्त शिक्षक, समुद्रपूर तालुका: आपला सल्ला मानतो. आमच्या शिवारात धुरा हातभर सरकला तरी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, पण विहिरीवर एकमेकांची लेकरे तरी दिसतात. तेथे भेटीगाठी पूर्णच थांबल्या होत्या का?

वणीची वाचक: ऑगस्ट १९६१ पासून पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांना पूर्वेत जाता येत नव्हते. १९६३ च्या नाताळात प्रथम परवाने मिळाले, तेही फक्त नातलगांना भेटण्यासाठी आणि त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत परतण्याच्या अटीवर.