नदी हीच वंशावळ

आफ्रिकन-अमेरिकन कवितेत निसर्ग फक्त सजावटीपुरता येतो, असं एक मत आहे; मला ते अजिबात पटत नाही. लँग्स्टन ह्यूज या आफ्रिकन-अमेरिकन कवीची नद्यांवरची कविता घ्या. १९२० साली, नुकतीच शाळा संपवलेला हा मुलगा वडिलांकडे मेक्सिकोला निघाला होता. सेंट लुईसजवळ गाडी मिसिसिपीच्या पुलावर आली, सूर्य मावळत होता, आणि खिशातल्या पत्राच्या एका पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याने दहा-पंधरा मिनिटांत ही कविता उतरवली.

युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मग मिसिसिपी. क्रम बघा! याच मिसिसिपीतून गुलामांना दक्षिणेच्या बाजारात विकायला नेत. तिचं गढूळ पाणी मावळतीला सोनेरी होताना आपण पाहिलंय, असं तो लिहितो. ज्यांच्या पूर्वजांची नावं, भाषा, गावं हिरावून घेतली, त्यांना नदी हीच वंशावळ.

झाडांचं मात्र तसं नाही. मोठं झाड म्हटलं की आपल्याला पार आठवतो. तिथे अमेरिकेत तशाच फांद्यांना काळी माणसं मारून लटकवली गेली. आफ्रिकन-अमेरिकन कवयित्री ल्युसिल क्लिफ्टन झाडांच्या डुलणाऱ्या फांद्यांवर लिहायला घेते आणि विचारते, या कवितेच्या खाली नेहमी दुसरीच एक कविता का असते?