दोन लहान पोरं, दोघांच्या नोकऱ्या आणि नाताळ तोंडावर, कसं जमवता?

वसईची_सून
नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे, मोठी पाच वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा, दोघंही रोज विरार लोकलने अंधेरीपर्यंत जातो आणि घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. आत्तापर्यंत नाताळचं सगळं सासूबाई बघायच्या, पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सगळं माझ्यावर आलंय. गेल्या वर्षी मदत करायला म्हणून मी 23 ला रात्री दीडपर्यंत नेवऱ्या (आमच्याकडच्या करंज्या) तळत बसले आणि 24 ला रात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पोरांच्या आधी मीच झोपले 🙈 नवरा म्हणतो सगळं विकत आण, सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत पण चेहरा दिसतो ना. केकचे ड्रायफ्रूट रममध्ये भिजवायचेही राहिलेत. यंदा 25 ला गुरुवार आहे, म्हणजे आदल्या तीन दिवशी ऑफिस आहेच. काय करू, काय सोडू?

निर्मळची_मावशी
अगं बाई, सगळं एकाच रात्री करायला कोणी सांगितलं? आमच्या वेळी पण कोणी एकटीने करत नव्हतं, चार जावा ओटीवर बसायच्या आणि पोरं मध्ये मध्ये लुडबुडायची. तू असं कर, 14 च्या रविवारी फक्त कुलकुल, म्हणजे तळलेली गोड वळी. मैदा, अंडी, पिठीसाखर, थोडं तुपाचं मोहन आणि नारळाच्या दुधात घट्ट मळायचं. नवीन कंगवा घे (नवीनच हं!), पिठाची सुपारीएवढी गोळी त्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि गुंडाळायची. पाच वर्षांच्या पोरीला हे छान जमतं, वेडेवाकडे झाले तरी तळल्यावर कोण बघतंय. हवाबंद डब्यात ठेवलेस तर नाताळ उलटून जाईपर्यंत टिकतात. नेवऱ्या 21 ला कर, पण सारणात सुकं खोबरं आणि भाजलेला रवा घाल, ओल्या खोबऱ्याच्या लगेच खराब होतात. आणि सासूला खुर्चीत बसवून सारण भरायला दे, गुडघा दुखतोय, हात नाही दुखत.

दोन_मुलांचा_बाप
रमचं टेन्शन घेऊ नका. आम्ही घरात लहान मुलं म्हणून मुद्दामच संत्र्याच्या रसात करतो, मनुका खजूर टूटीफ्रूटी रसात मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायचं आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. रमची चव येत नाही हे खरं, खोटं कशाला बोलू, पण मुलं दोन दोन तुकडे खातात.
गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं काम मात्र पूर्ण मुलांना द्या. त्यात गवत हवं म्हणून आमच्याकडे नाचणी पेरतात. रात्रभर भिजवायची, पसरट ताटलीत मातीवर टाकायची, दोन दिवस ओल्या फडक्याखाली आणि मग रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी येते. 13-14 ला पेरलं की 24 पर्यंत गोठ्यात मस्त हिरवं गवत. मुलगी रोज शाळेतून आल्यावर पट्टी लावून मोजते. धाकट्याने गेल्या वर्षी देखाव्यातलं एक मेंढरू चावून तीन पायांचं केलं, ते भिंतीला टेकवून उभं केलंय. बाळ येशू मात्र 24 च्या रात्रीपर्यंत कपाटात वर लपवून ठेवा, त्यावरून पण रोज चौकशी होते, आला का आला का.

नगरकर_पुण्यात
आमचं चर्च वेगळं, त्यामुळे मिस्सा वगैरे नाही, पण वैताग तोच. आमच्या नगरकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, म्हणजे दिवाळीचाच फराळ आणि तो शेजारीपाजारी वाटायचा. मी दोन वर्षं झाली चकल्या एका काकूंना ऑर्डर देते, करंज्या घरी. लाज कसली त्यात. खरा ताप म्हणजे शब्बाथ शाळेचं (चर्चमधल्या मुलांच्या वर्गाचं) नाताळचं नाटक!! मुलीला देवदूत व्हायचं असतं, मग पुठ्ठ्याचे पंख, चमकी, पांढरा झगा, आणि ते सगळं आदल्या रात्री कळतं. माझं ऐका, पोराला मेंढपाळ करा. डोक्याला पंचा, हातात काठी, झालं.

निर्मळची_मावशी
हे बरंय 😂 आणि सुनबाई, दीड वर्षाच्याला रात्रीच्या मिस्सेला नेऊ नकोस गं, मैदानात थंडी असते. पोरगी आणि नवरा जाऊ देत, तू 25 ला सकाळच्या मिस्सेला जा, देव हजेरी नाही घेत. सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण) करणार असशील तर 22 च्या रात्रीच शिजव आणि रोज एकदा गरम कर, ते तिसऱ्या दिवशीच खरं लागतं.

वसईची_सून
मावशी, सकाळच्या मिस्सेचं मला सुचलंच नव्हतं! सासूबाईंना पण रिक्षाने नेता येईल. मी काल विचारलं त्यांना सारण भराल का, तर म्हणाल्या भरीन पण कडा मीच मुडपणार, तुझ्या उघडतात. म्हणजे मूड आला 😄 केक बेकरीतून, सोरपोतेल जाऊबाईंकडून, कुलकुल आणि नेवऱ्या घरी असं ठरलंय. आणि नवऱ्याने आज नाचणी आणलीय, अर्ध्या वाटीला सांगितली होती, दोन किलो घेऊन आलाय. उरलेल्याच्या भाकऱ्या करून खा म्हटलं आता.