मुंबईच्या फोर्ट भागातील हेरिटेज वॉक : तुमचे अनुभव

जाणकाराबरोबर पायी हिंडून ज्यांनी मुंबईचा फोर्ट पाहिला आहे, त्यांनी काय नव्याने दिसले आणि काय खटकले, हे येथे लिहावे.

डोंबिवलीहून
माझी सारी नोकरी फोर्टात गेली. तरीही हा कोट नेमका कुठवर होता, याचा विचार मी निवृत्तीपर्यंत केला नव्हता. आमच्या मार्गदर्शक बाईंनी हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात केली, १७१८ मध्ये उघडलेले सेंट थॉमस चर्च दाखवले आणि तेथून पश्चिमेला फ्लोरा फाउंटनपर्यंत नेऊन, तटाचा चर्चगेट नावाचा दरवाजा येथेच होता, असे सांगितले. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तट पाडल्यामुळे जी जागा मोकळी झाली, तिच्यावरच पुढे सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ओळीने उभे राहिले. तेव्हा त्यांच्यासमोर, मैदानापलीकडे, समुद्र होता; या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची, आर्ट डेको या १९३० च्या दशकातल्या शैलीतली घरे नंतर भरणी घालून मिळवलेल्या जमिनीवरची आहेत. मैदानात मधोमध उभे राहून दोन्ही बाजू पाहिल्यावर, युनेस्कोने २०१८ मध्ये पूर्वेच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि पश्चिमेच्या आर्ट डेको या दोन शैलींना मिळून एकच वारसास्थळ का ठरवले, ते पटले.

पुण्याहून
दुर्बीण अवश्य न्यावी. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर या घड्याळाच्या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, पण ते इतके उंचावर आहेत की नुसत्या डोळ्यांना त्यांची पागोटी ओळखू येत नाहीत. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. शेजारच्या उच्च न्यायालयावर एका डोळ्यावर पट्टी असलेले, तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. चिडलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरवले, ही कथा मला मागाहून रचलेली वाटते. मात्र ऐकायला झकास आहे.

नाशिकहून
आमच्या मार्गदर्शकाने फ्लोरा फाउंटनच्या शिल्पावर बराच वेळ खर्च केला आणि शेजारचे हुतात्मा स्मारक एका वाक्यात उरकले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता. वसाहतकाळाची फेरी असली, तरी त्या चौकात उभे राहून एवढे तरी सांगायलाच हवे होते.

ठाण्याहून
रविवारी सकाळी लवकर जावे. रस्ते मोकळे असतात. बहुतेक इमारती मात्र बाहेरूनच पाहाव्या लागतात, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.