भेंडीबाजारात घरं झाली, बाजाराचं काय?

डोंगरीकर:
मोहम्मद अली रोडवरून जाताना आता भेंडीबाजारच्या पुनर्विकासात उभे राहिलेले अल-सआदाहचे टॉवर नजरेत भरतात. दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी ट्रस्टने २००९ मध्ये हाती घेतलेला हा पुनर्विकास: साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. घरांबद्दल माझी तक्रार नाही, चिंता दुकानांची आहे. इथला धंदा चालत्या गिऱ्हाइकावर उभा आहे. बिजागऱ्या घ्यायला आलेला सुतार शेजारी स्क्रू बघतो, पुढच्या गल्लीत कुलपं, आणि जाता जाता घरच्यांसाठी खाऊ घेतो. गाळे एकावर एक चढवले तर तो वर येणार नाही. मॉल बघायला लोक लोअर परळला जातात, भेंडीबाजारात नाही.

रिकामी_खोली:
साहेब, ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली. ३३ माणसं गेली. चिंता आधी त्यांची करा. भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठलेली, मालकाला डागडुजी परवडत नाही, भाडेकरू पदरचे पैसे घालत नाही. टेकू लावून किती वर्षं काढायची? मजल्यावर एक सामायिक संडास असलेल्या खोलीत राहून बघा, मग बाजाराची रौनक सांगा. आज त्याच माणसाला किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय.

डोंगरीकर:
हुसैनीचं दुःख मलाही आहे. पण ती इमारत याच प्रकल्पातली होती. काही कुटुंबं हलली होती, बाकीची तिथेच होती. म्हणजे योजना कागदावर असून भागत नाही, वेग लागतो. घरवाला संक्रमण शिबिरात, म्हणजे इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, दिवस काढतो, पण दुकानदार चार वर्षं दुसरीकडे बसला की गिऱ्हाईक तुटतं. ते परत आणून देणारा कायदा नाही.

हार्डवेअरवाला:
आमचा गाळा पागडीचा, म्हणजे एकदाच मोठी रक्कम मोजून नाममात्र भाड्याने घेतलेला, आजोबांपासूनचा. तो तारण ठेवून बँक कर्ज देत नाही, त्यामुळे मोठी ऑर्डर घेताना हात आखडतो. मालकी मिळाली तर मी आनंदाने जाईन. गिऱ्हाईक तसंही फोनवर भाव विचारून येतं. पण टेम्पो कुठे लागणार, हातगाडी दुकानापर्यंत येणार का, देखभाल खर्च महिना किती, हे आधी लेखी द्या. माझा माल लोखंडाचा आहे, लिफ्टमधून कपाटं नेतात तसा नेता येत नाही.

रिकामी_खोली:
हे रास्त आहे. तळमजला वजनी मालाला, वरचे मजले कापड-अत्तराला, असं वाटप झालं पाहिजे.

डोंगरीकर:
आणि ज्यांच्याकडे भाडेपावतीच नाही ते? दुकानाच्या पायरीवर टोप्या, तसबी (जपमाळा) विकणारे, रात्री गाळ्यातच झोपणारे कामगार, हमाल. १,२५० च्या आकड्यात ते धरलेच नाहीत. पायरीवाल्याला बसायला पाच फूट जागा आराखड्यात दाखवा, मग मी या प्रकल्पाच्या बाजूने बोलेन.