पी आयलंडच्या जीवरक्षक केंद्राबद्दल माहिती हवी आहे

वाशीगावकर
नमस्कार मंडळी. मी वाशी कोळीवाड्यातला. खाडीपुलावरून कोणी पडलं की आमच्या गावच्या होड्या भरती-ओहोटी, रात्र-दिवस न बघता पाण्यात जातात. त्या पोरांचा नारळी पौर्णिमेला सत्कार ठेवलाय. त्यात जगातल्या अशाच एखाद्या पथकाची माहिती सांगायची आहे. अमेरिकेत पी आयलंड केंद्रावर सगळे कृष्णवर्णीय जीवरक्षक होते, त्यांनी होडीशिवाय अख्खं जहाज रिकामं केलं, असं ऐकलं. खवळलेल्या समुद्रात हे जमलं कसं?

करावेकर काका
दादा, जहाजावर नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला वाळूची लांब, अरुंद बेटं आहेत. तिथे शिडाची जहाजं उथळ वाळूत रुतायची आणि लाटा त्यांचे तुकडे करायच्या. म्हणून सरकारने काही मैलांवर एकेक केंद्र बांधलं. रात्री शेजारच्या दोन केंद्रांची माणसं एकमेकांच्या दिशेने किनाऱ्याने चालत यायची आणि भेटली की पितळी बिल्ले बदलायची. बिल्ला आणला नाही तर फेरी पुरी झाली नाही.

रिचर्ड एथरिज १८४२ मध्ये गुलामगिरीत जन्मले. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढले आणि १८८० मध्ये पी आयलंडचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली काम करायला गोरे तयार नव्हते, म्हणून सगळं पथक कृष्णवर्णीय झालं. काही महिन्यांतच केंद्राची इमारत जळाली. कोणीतरी आग लावल्याचा संशय होता. एथरिज तिथेच राहिले आणि पथकाकडून कडक सराव करून घेत राहिले.

नेहमीची रीत अशी: छोट्या तोफेने गोळ्याला बांधलेला बारीक दोर जहाजावर फेकायचा, त्यामागून जाड दोर पोचवायचा. किनाऱ्याकडचं टोक वाळूत खोल पुरलेल्या फळ्यांना बांधायचं. दोरावर कप्पी, कप्पीला पाय घालायला चड्डी लावलेलं रिंगण. त्यात बसवून एकेकाला ओढून आणायचं.

११ ऑक्टोबर १८९६ ला ‘ई. एस. न्यूमन’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज वादळात फुटलं. किनाऱ्यावर पाणी चढल्यामुळे फेरी बंद होती, पण थिओडोर मीकिन्स केंद्रावरून नजर ठेवून होता. त्यालाच इशारा दिसला. खेचरांनी सामानाचा गाडा कसाबसा ओढत नेला. तिथे पोचल्यावर कळलं, सगळी वाळू पाण्याखाली, फळ्या पुरायच्या कशात? होडी तर लाटांत टिकणारच नव्हती.

मग एथरिजनी दोन माणसांना जाड दोराने एकत्र बांधलं. दुसरं टोक किनाऱ्यावरच्या साथीदारांच्या हातात. दोघं पोहत जहाजापर्यंत गेले आणि पहिलं कप्तानाचं लहान मूल घेऊन आले. दमलेल्यांच्या जागी दुसरे, असं करत नऊच्या नऊ जीव बाहेर काढले. मला विचाराल तर इथे सरावच कामाला आला. अवजार निकामी ठरल्यावर लाटेची गती ओळखणारे आणि एकमेकांच्या ओढीवर भरवसा ठेवणारेच असं पाण्यात उतरतात.

आणि त्याचं पदक? १९९६ मध्ये, शंभर वर्षांनी! सातही जण तोवर गेलेले. हे वाचताना मला अजून राग येतो.

रेवसची सून
वाशीगावकर, रेवसच्या कोळ्यांचंही नाव घ्या. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यातल्या कित्येकांना मासेमारीच्या होड्यांनी उचललं. ते ना कुणाच्या नोकरीत होते, ना कुणी त्यांना पाठवलं होतं.

वाशीगावकर
काका, वहिनी, मनापासून आभार. ‘रामदास’चं नक्की सांगणार. काका, त्या सातांची नावं मिळतील का? फलकावर घ्यायची आहेत.

करावेकर काका
घ्या: रिचर्ड एथरिज, बेंजामिन बाऊझर, डॉर्मन प्यू, थिओडोर मीकिन्स, लुइस वेस्कॉट, स्टॅनली वाइज, विल्यम अर्व्हिंग. आणि तुमच्या पोरांचीही पूर्ण नावं फलकावर लिहा, नुसतं ‘गावचे तरुण’ नको. मी येतोय पौर्णिमेला.